चादरीवरची जांभळी सावली

माझ्या वहिनीला छापखान्यात सगळे भिंगबाई म्हणत. तिच्या गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग असे आणि ते डोळ्याला लावून ती दिवसभर काचेच्या टेबलावर वाकलेली असे. काचेखाली दिवे, काचेवर एकाच चित्राच्या चार फिल्म: निळ्याची, पिवळ्याची, काळ्याची आणि गुलाबीची. गुलाबीला छापखान्यात मॅजेंटा म्हणतात. फिल्मवर नुसते ठिपके असतात. ठिपका जितका मोठा, तितका तो रंग कागदावर जास्त उतरतो. एखाद्या बाईचा गाल फार लाल वाटला तर वहिनी मॅजेंटाच्या फिल्मवर तेवढ्याच जागी बारीक ब्रशने औषध फिरवायची. ठिपके झिजायचे आणि गाल माणसाचा व्हायचा. औषध किती वेळ ठेवायचं हे कुठे लिहिलेलं नसे. डोळ्याला कळलं की पुसायचं. आता हे काम जगातून गेलं आहे, पण तेव्हा ते करणारी माणसं शहरात चार-पाच होती आणि बायकांत ती एकटी.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, त्याच छापखान्यात खाली मोठ्या मशीनवर होता. त्यांची ओळखही तिथलीच. संध्याकाळी दोघं घरी यायचे तेव्हा तिच्या बोटांना औषधाचा वास असायचा आणि त्याच्या नखांत शाई. मी तेव्हा त्यांच्याजवळच राहायची, लग्न केलं नाही म्हणून अजूनही राहते. जेवताना दादा म्हणायचा, "तुमचं बरं आहे बाई, वर पंखे आहेत. आम्ही खाली भट्टीत." हसत म्हणायचा, पण रोज म्हणायचा.

ती छत्तीस वर्षांची होती तेव्हा एका दूरच्या शहरातल्या संग्रहालयाच्या चित्रांचं पुस्तक छापायला आलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उघड्यावर बसून भराभर रंगवलेली चित्रं. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे, लांबून बघावं तर ऊन पडलेलं. त्यातल्या एका चित्रावर वहिनीने पंधरा दिवस घालवले. अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी, त्यांच्यामागे तोंडात चिमटा धरलेली एक बाई, आणि चादरींवर पडलेली झाडाची सावली. ती सावली जांभळी होती. फिकी, दुधात बुडवून काढल्यासारखी, पण जांभळी. वहिनीचं म्हणणं, खरी सावलीही तशीच असते, आपण नीट बघत नाही. ती मला हाताला धरून गच्चीवर न्यायची आणि आमच्याच वाळत घातलेल्या चादरी दाखवायची. मला त्या करड्याच दिसायच्या. मी म्हणायची, तुझी नीळ जास्त झाली असेल.

मशीनवर चढवण्याआधी चित्राचा एकच नमुना काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. प्रूफवर वहिनीने सही केली, गिऱ्हाइकाने केली आणि ते खाली गेलं. मशीन चालवणाऱ्याने प्रूफ समोर लावून ठेवायचं आणि निघणारे ताव त्याच्याशी जुळवत राहायचं, अशी रीत. मशीनवर दादा होता.

तीन हजार ताव निघाले आणि सगळ्यांवर सावली गडद लालजांभळी, मार बसल्यासारखी. चिमटा धरलेल्या बाईचं तोंडही त्याच रंगाचं. गिऱ्हाइकाने बघितलं आणि संध्याकाळच्या आत सगळं काम फिल्मसकट उचलून दुसऱ्या छापखान्यात नेलं. मालकांनी नवरा-बायकोला समोरासमोर उभं केलं. दादा म्हणाला, मी प्रूफप्रमाणेच चालवलं, प्रूफच गडद होतं. वहिनी म्हणाली, प्रूफ बघू. प्रूफ सापडेना. दादा म्हणाला, रद्दीबरोबर गेलं असणार. आता प्रूफ फिकं होतं असं ठासून म्हणायचं तर आपला नवरा खोटं बोलतोय असंही म्हणावं लागणार होतं. ती गप्प बसली. मालकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, सावली कधी जांभळी असते का हो बाई, असली तर करडी असते, घरच्या मोलकरणीला विचारा.

घरी आल्यावर दादा तिच्यावर चिडला नाही. शेजारी बसून म्हणाला की अलीकडे तुला जांभळं जरा जास्तच दिसतं, मला जाणवत होतं, पण मी बोललो नाही. तो चिडला असता तर ती भांडली असती. तो मायेने बोलला, म्हणून तिने ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, डोळे उत्तम आहेत म्हणाले. मग दोष आणखी आत कुठेतरी असेल, असं तिने धरलं. मालकांनी तिला रंगखात्यातून काढून छापलेली पानं जुळवायला बसवलं होतं. महिनाभर तिने पानं जुळवली आणि काम सोडलं. त्याच महिन्यात दादा सुपरवायझर झाला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याआधी दोन महिने आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. तिच्यापाशी कोणी थांबायचं यावर आमच्याकडे रोज बोलणं निघायचं आणि रोज अर्ध्यावर राहायचं. मी नुकतीच ऑफिसात कायम झाले होते. वहिनी घरी बसली आणि तो प्रश्न कोणीही न सोडवता सुटला. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. तिची सगळी उस्तवार वहिनीने केली. सुरुवातीच्या दिवसांतच कधीतरी मी तिला म्हणाले होते, वहिनी, एका अर्थी बरंच झालं. ती हो म्हणाली होती.

तेव्हापासून तिने कुठल्याही रंगाबद्दल मत दिलं नाही. पडद्याचं कापड घ्यायला गेलो की ती दुकानाच्या दारातच थांबायची. मला नाही कळत त्यातलं, तुम्ही बघा, म्हणायची. स्वतःच्या मुलीच्या लग्नातले कपडेसुद्धा तिने दुसऱ्यांना निवडू दिले. दूध नासलंय का, भाजी जुनी आहे का, हे ती रंगावरून ठरवत नसे, नाकाला लावून बघायची. भिंती, चादरी, पडदे, सगळं दादाच्या पसंतीचं. आमचं घर पंचवीस वर्षं मातकट आहे.

गेल्या वर्षी भाचीने, दादाच्या मुलीने, आम्हा तिघांची प्रवासाची तिकिटं काढून दिली. दहा दिवस, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. दादाने यादी केली: किल्ला, नदीतली बोट, घड्याळाचा मनोरा. वहिनीने काहीच सुचवलं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगेची चेन ओढता ओढता मला म्हणाली, "त्या शहरात एक संग्रहालय आहे. मला तेवढं बघायचंय."

तिला कुठलं संग्रहालय म्हणायचंय हे कळायला मला वेळ लागला. पंधरा दिवस जी फिल्म तिच्या डोळ्यांसमोर होती तिच्या कडेला संग्रहालयाचं नाव छापलेलं होतं. मी विचारलं, आता बघून काय करणार. ती म्हणाली, "करडी असली तर करडी. म्हणजे मालक बरोबर होते आणि मी चुकले, एवढं तरी नक्की होईल. पंचवीस वर्षं मी नुसती धरून चाललेय."

शनिवारी गेलो. कोट आणि पिशव्या खाली ठेवून घेतल्या, बदल्यात नंबराचे बिल्ले दिले. दादाचा बूट नवा होता आणि चावत होता, त्यामुळे त्याची करमणूक पहिल्या दालनातच सुरू झाली. हे अर्धवट टाकून जेवायला गेलेला दिसतो. या घोड्याचे पाय किती, मोज. असा ताव माझ्या मशीनवर निघाला असता तर मी फाडून टाकला असता. दोन माणसं वळून बघायला लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दालनं एकातून एक निघत होती, उंच छत, पायाखाली कुरकुरणारं लाकूड, प्रत्येक दारापाशी खुर्चीवर बसलेला एकेक रखवालदार. वहिनी कुठेच रेंगाळत नव्हती. भिंतीवरून नजर फिरवायची आणि पुढे जायची, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तशी.

सहाव्या दालनात ती थांबली. मी समजत होते चित्र मोठं असेल. ते आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीएवढंही नव्हतं. दोरी, चादरी, चिमटा धरलेली बाई. वहिनी आधी लांबूनच बघत राहिली. मग पुढे झाली, उजव्या हाताची मूठ पोकळ केली आणि डोळ्याला लावली. भिंग गेलं तरी हाताला सवय होती. खुर्चीवरची रखवालदार बाई उठून आली आणि हाताने, मागे व्हा, अशी खूण करून गेली. वहिनी एक पाऊल मागे आली. मूठ तशीच.

सावली जांभळी होती. फिकी, दुधातून काढल्यासारखी. मला, जिला गच्चीवर कधी करड्यापलीकडे दिसलं नाही तिला, लांबूनसुद्धा जांभळी दिसत होती. वहिनीच्या तोंडावर मला काहीच वाचता आलं नाही. नुसती मान हलत होती, वजन करून बघितल्यावर हलावी तशी.

तेवढ्यात दादा लंगडत आला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने चित्राकडे बघितलं आणि मनापासून खूश झाला. जुना मित्र भेटावा तसा.

"अरे, हेच की ते," तो म्हणाला. "अगदी तुझ्या प्रूफसारखं आहे."

वहिनीने मूठ खाली घेतली. "प्रूफ आठवतंय तुम्हाला?"

"म्हणजे काय. माझ्याच तर नाकासमोर लावलं होतं."

"आणि त्यात सावली अशी होती?"

आता त्याच्या लक्षात आलं. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला, रुमालाने पुसायला लागला. म्हणाला, पंचवीस वर्षं झाली त्याला, काय घेऊन बसलीस. वहिनी तिथून हलली नाही. दालनाच्या मधोमध एक बाक होता. दादा त्यावर बसला, बुटाची नाडी सैल केली आणि खाली बघतच सगळं सांगितलं. फार लांबलचक नव्हतंच ते. त्या कामाआधी मशीनवर साबणाची जाहिरात होती, सगळा कागद गुलाबी. मॅजेंटाची शाई सोडणाऱ्या चाव्या पूर्ण उघड्या होत्या. नवं काम चढवताना त्या कमी करायच्या राहिल्या. दहा-वीस ताव बघून जुळवून घेतले असते, पण मशीन सुरू केलं आणि मालकांचा निरोप आला, चहाला या म्हणून. सुपरवायझरच्या जागेचं बोलायचं होतं. पाऊण तासाने तो खाली आला तेव्हा तीन हजार होऊन गेले होते. प्रूफ त्याने डब्याच्या पिशवीतून बाहेर नेलं आणि रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकलं.

वहिनी उभीच होती. दादाच बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याला धीर येत गेला. त्याने मला साक्षीला घेतलं. तूच सांग, आईची काय अवस्था होती. दोघांपैकी एकाला घरी बसावंच लागणार होतं. मला मशीनवरून काढलं असतं तर दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं, हिचं काय, हिला घर होतंच. हिला मी कधी काही कमी पडू दिलं का. मी हो की नाही काहीच म्हणाले नाही. तेवढंही त्याला पुरलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुम्हीच घेऊन गेला होतात," वहिनी म्हणाली.

"मग? चांगले आहेत म्हणूनच सांगितलं ना त्यांनी."

तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढच्या दालनात गेली. पुढे सगळी नवी चित्रं होती. दोन डोळे एकाच गालावर असलेली बाई, नुसते चौकोन, एका भिंतीएवढ्या कापडावर तीन पट्टे आणि बाकी काही नाही. या दालनांवर दादाने घरातून निघायच्या आधीच विनोद तयार ठेवले होते, पण तो बाकावरून उठला नाही. मी तिच्या मागे मागे चालत होते. तीन पट्ट्यांपुढे ती बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी नाही म्हणाले. ते खरंही होतं.

"तू विचारलं नाहीस त्याला कधी."

"मला वाटलं नाही तसं."

"विचारलं असतंस, तर आईंना बघायला तुला थांबावं लागलं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळतोय का बघावं तशी म्हणाली आणि पुढे गेली.

खरं तर मी तिला कुशीत घ्यायला हवं होतं, किंवा काहीतरी म्हणायला. मी मनात म्हणत होते की सगळ्यांना सांगू या, तुझं बरोबर होतं म्हणून. पण सांगणार कोणाला? मालक वारले. छापखान्याच्या जागी गाड्या लावतात. ज्यांच्यासमोर मालकांनी तिला सावलीचं विचारलं होतं त्यांतले निम्मे गेले आणि बाकीच्यांना आता चित्रही आठवणार नाही, बाईही. तिचं काम येणारं माणूससुद्धा आता कोणाला नको होतं. ती बरोबर होती हे जगात आता तिघांना ठाऊक होतं आणि त्यातल्या दोघांची सोय ती चुकीची असण्यात होती.

परत जाताना ट्राममध्ये दादाने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. खोलीवर आल्यावर पाय दुखतात म्हणाला. वहिनीने पाणी गरम करून दिलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

रविवारी बोटीतून जायचं होतं. वहिनी सकाळी कोट घालून तयार झाली आणि म्हणाली, मी संग्रहालयात जाते. कालच तर बघितलं, असं दादा म्हणेपर्यंत ती जिना उतरलीही होती. बोट राहिली. दादा दिवसभर खिडकीत बसून होता. दर अर्ध्या तासाने विचारायचा, आली का. दुपारी म्हणाला, गोळ्या दे. पाच पाकिटं निघाली. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, त्याला सांगता येईना. एवढी वर्षं त्याने हात पुढे करायचा आणि गोळी तळव्यावर यायची. मी चष्मा लावून पाकिटांवरचं बारीक छापलेलं वाचलं आणि अंदाजाने दिल्या. संध्याकाळी ती आली, जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सोमवारी पुन्हा तेच. मंगळवारी सकाळी आमची परतीची गाडी होती. दादा तिला म्हणाला, अगं, बॅगा कोण भरणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं. मी बॅगा भरायला घेतल्या. तिचा कालचा स्वेटर घडी करताना खिशात संग्रहालयाचं माहितीपत्रक हाताला लागलं. चौपदरी घडी घातलेलं, मागच्या पानावर वेळा छापलेल्या. रोज दहा ते साडेपाच. सोमवारी बंद.

मी बोटांवर वार मोजून बघितला. दुपारचे तीन वाजले होते, सकाळपासून बारीक पाऊस होता. संग्रहालयासमोर पायऱ्या होत्या, चौकात दोन-तीन लोखंडी बाक होते, आडोसा कुठेच नव्हता. छत्री घेऊन जावं असं मनात आलं. मग वाटलं, तिला हवं असतं तर ती खोलीवर आली असती. पलीकडच्या खोलीतून दादाने विचारलं, आली का. मी म्हणाले, एवढ्यात कशी येईल, साडेपाचपर्यंत उघडं असतं. पत्रक होतं तसं घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवलं आणि स्वेटर बॅगेत.

पावणेसहाला ती आली. केस चिकटलेले, ओठ पांढरे, बुटांतून पाणी निथळत होतं. दादा टेबलाशी बसून राहिला होता, त्याला बरं वाटलं. काय बघितलंस आज, त्याने विचारलं.

"तेच," ती म्हणाली.

"आता तुला तिथे नोकरीच देतील," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला.

वहिनीने बूट काढून हीटरजवळ ठेवले, कोट खुर्चीच्या पाठीला लावला. टेबलावर पाच पाकिटं पसरलेली होती, त्यांकडे तिचं लक्ष गेलं.

"दुपारच्या दिल्यास का गं त्यांना?" तिने मला विचारलं.

मी दिल्या म्हणाले.

"मग आता तूच दे. घरी गेल्यावरही तूच देत जा."

दादाने हात पुढे केलेलाच होता. तो तसाच टेबलावर राहिला. वहिनी ओले पाय पुसायला न्हाणीत गेली. मी चष्मा लावला आणि पहिलं पाकीट उचललं.